ताकदीच्या गोळ्या

माझी नात सानिका हिची दवाखान्यातली जुनी फाइल घरी आहे. पहिल्याच पानावर डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ आहे : आईने गरोदरपणात घेतलेली औषधे – लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन. ही ओळ खोटी आहे. लिहिणाऱ्या डॉक्टरांची त्यात काही चूक नाही. त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली, म्हणून ती तशी लिहिली गेली.

मी चौतीस वर्षं रेल्वेत फार्मासिस्ट होतो. लोक कंपाउंडर म्हणत, आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटे. आम्ही मूळचे वर्ध्याचे. शेवटची बदली जयपूरला झाली, मुलगा अविनाश इथेच विम्याच्या कचेरीत लागला आणि निवृत्तीनंतर आम्ही तिलक नगरात भाड्याचं घर घेऊन राहिलो. घरात मी, माझी पत्नी शकुंतला, अविनाश आणि सून वैशाली. आता सानिका आणि तिचा भाऊ.

आजारी मी नव्हतो. पण सानिकाच्या आजारपणातला एक भाग फक्त मलाच माहीत होता, आणि जवळजवळ पाच वर्षं तो मी कुणाला सांगितला नाही. ज्या घरात वडीलधाऱ्या माणसाजवळ औषधांचा डबा असतो आणि सगळे त्याला अर्धा डॉक्टर समजतात, त्या घरांसाठी हे लिहितो आहे.

पुडी

आमच्या वेळी गोळ्या सुट्या यायच्या, मोठ्या बरण्यांतून. त्या मोजून कागदाच्या पुडीत घालायच्या आणि पुडीवर रेघा मारायच्या : तीन रेघा म्हणजे दिवसातून तीनदा. पुढे पट्ट्यांचा जमाना आला, तरी घरी देताना माझी सवय सुटली नाही. पट्टीतून कॅप्सूल काढायच्या, पुडी बांधायची, रेघा मारायच्या.

दुसरी सवय त्याहून वाईट. औषधाचं नाव सांगितलं की घाबरणारी माणसं असतात. त्यांना मी म्हणायचो, "काही नाही हो, ताकदीच्या गोळ्या आहेत." ही सवय मला कुणी शिकवली नव्हती. ती माझी स्वतःची, आणि मला तिचा अभिमान होता. पेशंट घाबरत नाही, औषध पोटात जातं, बरा होतो. अजून काय पाहिजे?

वैशालीला सातवा महिना होता तेव्हा तिला लघवीला जळजळ होऊ लागली आणि अंग कोमट लागायला लागलं. ती लाजून कुणाला सांगत नव्हती. शकुंतलाने मला सांगितलं. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे तिची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला धावपळ. डब्यातल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल काढून पुडी केली.

"बाबा, हे कसलं?" तिने विचारलं.

"ताकदीच्या गोळ्या. अशक्तपणा आला की असं होतं."

दोन दिवसांत तिला बरं वाटलं. मी पुडी परत घेतली. पूर्ण कोर्स द्यायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. हजारो लोकांना मीच ते सांगितलं होतं.

आठव्या महिन्यात मराठी मंडळाची सहल कानोत्याला, धरणावर गेली. तिथे वैशालीने गाडीवरची कांद्याची कचोरी खाल्ली, एक नाही, दोन. दुसऱ्या दिवशी जुलाब. पुन्हा पुडी, तीन दिवस. नवव्या महिन्यात, ऐन थंडीत, खोकला आणि ताप. पुन्हा पुडी, या वेळी दुसऱ्या, जास्त जोरदार कॅप्सूलची. तीही तीन दिवस.

तिन्ही वेळा ती बरी झाली. शकुंतला शेजारणीला म्हणाली, "आमच्या घरात डॉक्टर बसून राहिला आहे, आम्हाले काय काळजी!" ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी

सानिकाचा जन्म २००४च्या जानेवारीतला. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची. बारशासाठी पाळणा आणला होता, झेंडूच्या माळा यायच्या होत्या. आदल्या दिवशी सकाळी वैशाली म्हणाली, "आई, ही पीत नाहीये. तोंडात घेते आणि सोडून देते."

"झोपाळू आहे, पिईल," शकुंतला म्हणाली.

मी पाय हातात घेऊन पाहिले. लोकरीच्या मोज्यांतही थंड होते. टाळूवर हात ठेवला तर ती किंचित खोल वाटली. रडणं मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. एवढं कळण्याइतकी नोकरी मी केली होती. आम्ही रिक्षा करून जवळच्या मुलांच्या दवाखान्यात गेलो.

बालरोगतज्ज्ञ मॅडम साधारण चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला तपासलं, आत पाठवलं आणि आमच्याकडे वळल्या. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका आहे, दाखल करावं लागेल, अठ्ठेचाळीस तास नीट काही सांगता येणार नाही. मग त्यांनी लिहायला कागद घेतला आणि वैशालीला विचारलं, गरोदरपणात काही औषधं घेतली होती का?

"आयर्न, कॅल्शियम," वैशाली म्हणाली. "और बीच में ताकत की गोली. बाबा ने दी थी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "विटामिन?"

मी मान हलवली.

बस, एवढंच. एक शब्दही बोललो नाही. त्या वेळी मनात काय होतं ते नेमकं आठवण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. माझ्या गोळ्यांचा आणि या आजाराचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं, हे खरं. पण हेही खरं, की एका डॉक्टरसमोर, सुनेसमोर, मुलासमोर, 'मी हिला न सांगता अँटिबायोटिक दिलं' हे बोलायची मला लाज वाटली.

बाकावर

नवजात बाळांच्या खोलीत फक्त आईला जाता येई. दर दोन तासांनी दार उघडून सिस्टर हाक मारायची, "बेबी ऑफ वैशाली!" बारसं झालं नव्हतं, त्यामुळे पोरीला नाव नव्हतं. वैशाली कोपरापर्यंत हात धुऊन, हिरवा झगा घालून आत जायची. वाटीत दूध काढून द्यायची, ते नळीतून बाळाला देत. बाहेर आली की आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघायचो, आणि ती म्हणायची, "आहे तसंच आहे."

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी जयपूरजवळच्या बस्सी गावचे एक आजोबा असायचे. लाल फेटा, हातात कापडी पिशवी. त्यांचा नातू आत होता, आठ दिवसांचा. मॅडम बाहेर आल्या की ते उभे राहत आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवत : घुटीची बाटली, गावच्या वैद्याने दिलेली काळी पूड, कुठल्याशा बाबाची राख, आणि सुनेने डोकं दुखलं म्हणून खाल्लेल्या गोळीची रिकामी पट्टीसुद्धा. मॅडम भडकल्या. सगळ्यांसमोर त्यांना बोल लावले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "इतना सब बताने की क्या जरूरत थी? डाँट ही खाई."

"डाँट तो खाई, बाबूजी," ते हसून म्हणाले, "पर अब उसको मालूम तो है कि छोरे के पेट में क्या गया."

त्यांना अक्षरओळख नव्हती. मी उठून नळावर पाणी प्यायला गेलो.

तीन दिवस

पहिले तीन दिवस बाळ खालावत गेलं. सुरू केलेलं औषध लागू पडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला. मॅडमनी आम्हाला बोलावलं. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू आहे, औषध बदललं आहे, म्हणाल्या. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी पुन्हा विचारलं, "माँ को कोई एंटीबायोटिक तो नहीं दी गई थी? आखिरी महीनों में?"

"नहीं मॅडम," वैशाली म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं.

मी अविनाशच्या मागे उभा होतो. त्या क्षणी मला संबंध कळला. एवढं फार्मसीचं ज्ञान मला होतं. ज्या कॅप्सूल मी आईला अर्ध्यामुर्ध्या दिल्या, त्यांना सरावलेले जंतू आईच्या पोटात उरले असतील आणि तेच बाळाकडे गेले असतील. मॅडमना पहिल्या दिवशी हे कळलं असतं, तर दुसरं औषध त्यांनी पहिल्याच दिवशी सुरू केलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आता औषध बदललंच आहे, आता बोलून काय उपयोग.

पाचव्या दिवशी बाळाने नळी ओढून काढली. सिस्टर चिडून बाहेर आली, "तुम्हारी छोरी बहुत बदमाश है!" वैशाली बाकावर बसून हसली आणि हसता हसता रडायला लागली. एकोणिसाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. बारसं नुसतं घरच्या घरी केलं. सानिका.

कचोरी

संसर्ग गेला, पण पोर धडधाकट झाली नाही. चौथ्या महिन्यात गालांवर आणि कोपरांच्या घडीत लाल, ओलसर चट्टे उठले. खाजवून रक्त काढायची, म्हणून वैशाली तिच्या हातांना मोजे बांधायची. सहा महिन्यांनी वरचं दूध सुरू केलं, तर शीमध्ये रक्त दिसलं. गाईचं दूध बंद, म्हशीचं बंद. दोन वर्षांची होईपर्यंत दर थंडीत छाती घुरघुरायची. जयपूरच्या थंडीत पहाटे दवाखाना गाठायचा आम्हाला सराव झाला.

आणि घरात एक दोषी सापडला : वैशाली.

"पोटुशी बाई गाडीवरची कचोरी खाते काय?" शकुंतला म्हणायची. "एक नाही, दोन! त्याचंच आहे हे सारं." पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, मंडळाच्या हळदीकुंकवाला. आधी थट्टेत, मग थट्टा राहिली नाही. माझी बायको वाईट नाही. नातीचं अंग बघून तिला रडू यायचं, आणि कुणावर तरी राग काढायचा असायचा.

वैशालीने एक वही केली होती. गरोदरपणात आठवेल तसं काय काय खाल्लं, त्याची यादी. सानिकाच्या प्रत्येक तपासणीला ती वही घेऊन जायची. एकदा, सानिका दोन वर्षांची असताना, मॅडमनी वही मिटून तिच्या हातात परत दिली आणि समजावून सांगितलं. मी तिथे होतो. त्या हिंदीत बोलल्या, मी आठवेल तसं मराठीत लिहितो.

"बाळ पोटात असताना त्याच्या आतड्यात जवळजवळ काही नसतं. जन्मताना आणि नंतर आईच्या कुशीत, दुधातून, ते आईचे जंतू घेतं. घरात दही लावता ना? त्याला जसं विरजण, तसं हे. ते चांगले जंतू बाळाच्या शरीराला शिकवतात, की कशाशी लढायचं आणि कशाला आपलं म्हणायचं. ते शिक्षण बिघडलं तर शरीर दुधाशीही लढत बसतं. आईचे जंतू शेवटच्या महिन्यांत औषधांनी विस्कटले, तर बाळावर परिणाम होत असावा, असं आता मानायला लागले आहेत. खात्रीने कुणी सांगू शकत नाही. अजून अभ्यास चालू आहे. पण तुम्ही तर औषध घेतलंच नव्हतं. कचोरीने असं होत नाही. वही फेका."

घरी आल्यावर वैशालीने हे सगळं सासूला सांगितलं. शकुंतला म्हणाली, "मंजे पोटातूनच आलं ना? मंग कचोरी पोटातच गेली होती ना!"

अविनाश हसला. वैशाली हसली नाही. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर धरला होता.

परत तीच पुडी

२००८च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वैशालीला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना. या वेळी ती बाहेरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. दुपारची वेळ होती. शकुंतला सानिकाला शाळेतून आणायला गेली होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. वैशाली दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, एक सांगू? मला परत तसंच होतंय. जळजळ. त्या वेळी तुम्ही ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या ना, लगेच बरं वाटलं होतं. आहेत का त्या?"

डबा माझ्या मागच्याच कपाटात होता.

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली. मी म्हटलं, "त्या ताकदीच्या नव्हत्या. अँटिबायोटिक होत्या."

तिने विचारलं, "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"किती दिवस?"

"एकदा दोन. दोनदा तीन-तीन."

"पूर्ण कोर्सपण नाही." एवढ्या वर्षांत दवाखान्याच्या खेपा करून तिला सगळं कळायला लागलं होतं. मग ती म्हणाली, "मॅडमनी 'विटामिन?' असं विचारलं, तेव्हा तुम्ही मान हलवली होती. मला दिसलं होतं."

"हो."

"आणि तिसऱ्या दिवशी परत विचारलं."

"हो."

तिने हातांकडे बघितलं. "पाच वर्षं झाली, मी कचोरी खाल्लेली नाही, बाबा," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.



संध्याकाळी सगळे घरी आल्यावर तिने फाइल आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "बाबांना काही सांगायचं आहे." मग मी अविनाश आणि शकुंतला यांना सगळं सांगितलं.

"मतलब, तुम्ही तिथेच उभे होतात," अविनाश एवढंच म्हणाला. चिडून नाही. ऐकलेलं पुन्हा तपासून पाहिल्यासारखं.

शकुंतला माझ्याशी बोलली नाही. वैशालीकडे बघून म्हणाली, "मी तुले एवढं बोलत राहिली, आणि हा माणूस ऐकत राहिला." मग तिने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली. वैशाली तिच्या मागे गेली नाही. तिने जायला हवं होतं असं मला वाटत नाही.

फाइल

दुसऱ्या दिवशी वैशाली म्हणाली, "तुम्ही चला. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

आधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लघवी तपासली, आणि संसर्ग निघाला म्हणून औषध दिलं. अँटिबायोटिकच, पण पोटुशी बाईला चालणारं आणि पूर्ण कोर्सचं. वैशाली घाबरली, तेव्हा त्या म्हणाल्या, गरज असताना न घेणंही तेवढंच वाईट. हे मुद्दाम लिहितो, कारण माझी गोष्ट ऐकून कुणी औषधाची भीती घेऊ नये. औषध वाईट नव्हतं. तपासल्याशिवाय, नाव लपवून, अर्धवट दिलं, ते वाईट होतं.

मग बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे. मी उभा राहूनच सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं तरी बसलो नाही. बस्सीच्या आजोबांसारखे बोल ऐकायची मी तयारी केली होती. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"त्वचेचं, दुधाचं, दम्याचं," त्या म्हणाल्या, "ते त्या गोळ्यांमुळे झालं का, हे मी सांगू शकत नाही. झालं असेल. त्यांच्याशिवायही झालं असतं. कुणीही सांगू शकणार नाही." मग फाइल चाळत म्हणाल्या, "पण ते तीन दिवस… ते मी वेगळे वापरले असते."

त्यांनी पहिलं पान उघडून पेन उचललं. वैशाली म्हणाली, "मॅडम, इनको लिखने दीजिए."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. त्या जुन्या ओळीखाली मी लिहिलं : दोन्ही औषधांची नावं, कितव्या महिन्यात, किती दिवस. पुढे लिहिलं, आईला न सांगता दिली. देणारा – आणि माझं नाव, सही. चौतीस वर्षं रजिस्टरमध्ये मी अशाच नोंदी केल्या होत्या.

त्यानंतर

नातू २००९च्या वसंतात झाला. या वेळी सगळं शिस्तीत होतं. तरीही चौथ्या महिन्यात त्याच्या गालावर लाल चट्टा उठला. तो पाहून मला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे मग सानिकाचंही माझ्यामुळे नसेल. स्वतःच्या नातवाच्या चट्ट्याने ज्याला बरं वाटलं असा मी माणूस आहे, हेही इथे लिहून ठेवतो. त्याचा चट्टा महिनाभरात गेला. त्यावरून काही सिद्ध होत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

सानिका आता मोठ्या शाळेत जाते. दूध चालतं, दही आवडतं. थंडीत कोपरं कोरडी पडतात तेव्हा स्वतःच तेल लावून घेते. शकुंतलाने कचोरीचं नाव त्यानंतर काढलं नाही. गेल्या महिन्यात मात्र तिने स्वतः जाऊन वैशालीसाठी दोन कचोऱ्या आणल्या आणि ताटलीत ठेवून उभी राहिली. वैशालीने एक खाल्ली. दुसरी सासूला दिली.

औषधांचा डबा आता वैशालीकडे आहे. मला रक्तदाबाची गोळी रोज लागते, सकाळच्या चहानंतर. ती गोळी सुटी आणून माझ्या तळहातावर ठेवत नाही. आख्खी पट्टी घेऊन येते, माझ्यासमोर धरते, औषधाचं नाव मोठ्याने वाचते, तारीख वाचते, मग विचारते, "बरोबर ना, बाबा?"

मी हो म्हणतो. नुसती मान हलवलेली ती चालवून घेत नाही. तोंडाने हो म्हणेपर्यंत पट्टी तशीच धरून उभी राहते.